थोरल्याचा वाटा

गेल्या उपवासकाळात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक तरुण बाप माझ्या कचेरीत येऊन बसला. त्याचा पहिला विवाह धर्मप्रांतीय न्यायालयाने शून्य ठरविला होता, दिवाणी घटस्फोटही रीतसर झाला होता आणि दुसरे लग्न मीच लावले होते. पहिला मुलगा आईजवळ असतो. त्याच्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम देण्याचा कोर्टाचा हुकूम आहे. आता दुसऱ्या घरी पाळणा हलला. ती रक्कम कमी करून घेण्यासाठी त्याला अर्ज करावयाचा होता आणि घरखर्च वाढल्याचे माझे पत्र सोबत जोडावयाचे होते. “फादर, ह्या लेकराने कुणाचे काय वाईट केले?” त्याने विचारले. प्रश्न खरा होता आणि मला चटकन उत्तर सुचले नाही.

कायद्याने त्याला वाट ठेवलेली आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १२५ अन्वये पोटगी मिळे आणि परिस्थिती पालटल्यास कलम १२७ अन्वये ती कमी-अधिक होई. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची १४४ व १४६ ही कलमे तेच काम करतात. २०१७ साली एका खटल्यात, पतीने पुन्हा लग्न केले असून त्याला त्या लग्नाचे मूल आहे हे ध्यानी घेऊन, सर्वोच्च न्यायालयाने पहिली पत्नी व मुलगा यांची पोटगी दरमहा २३ हजारांवरून २० हजारांवर आणली. तेव्हा अर्ज करणे हे काही पाप नव्हे. कोर्टाची पायरी न चढता आपल्या मनानेच पैसे कमी धाडणाऱ्यापेक्षा हा माणूस प्रामाणिकच म्हणायचा.

परंतु परिस्थिती पालटते म्हणजे काय होते? आजारपण येते, कारखाना बंद पडतो. ते माणसावर कोसळते. दुसरा संसार मात्र त्याने उघड्या डोळ्यांनी मांडलेला असतो, आणि मांडताना थोरल्याचे देणे त्याला ठाऊक असते. धाकटे निरपराध आहे, हे मान्य. पण थोरलाही तितकाच निरपराध आहे. मग निवड ज्याने केली, तोशीस आधी त्यानेच सोसायला नको का? शिवाय परिस्थिती काही एकाच घरी पालटत नाही. दुधाच्या डब्याचा खर्च बापाला दिसतो. पण हुकूम झाला तेव्हा बालवाडीत असलेला मुलगा आता सातवीत आहे, त्याची फी नि बूट वाढले, हे त्याच्या हिशेबात येत नाही. ते कलम रक्कम वाढवायलाही आहे, हे आपले पुरुष सोयीस्करपणे विसरतात.

ख्रिस्तसभेने हे ओळखले होते. पूर्वीच्या संबंधातील जोडीदाराविषयी वा मुलांविषयी ज्याच्यावर नैसर्गिक कर्तव्ये आहेत, त्याचे लग्न धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीविना लावू नये, असे १९८३ च्या धर्मसंहितेचे कलम १०७१ सांगते. विवाह शून्य ठरविणाऱ्या निकालातही मुलांच्या पालनपोषणाची आठवण उभयतांना द्यावी लागते. विवाह शून्य ठरतो, मूल शून्य ठरत नाही. सेमिनरीत हे सारे मी शिकलो होतो. त्याच्या लग्नाआधी परवानगीचा कागद आला, तो मी फाईलला लावला. थोरल्याला दरमहा किती देतोस आणि पुढे कसे भागवशील, हे मात्र विचारले नाही. नव्या वधूला तो आकडा माहीत आहे की नाही, तेही नाही. आनंदाच्या वेळी असला विषय काढणे मला अप्रशस्त वाटले. आज तो माझ्याकडे जे पत्र मागतो, त्यात माझ्या त्या मौनाचाही वाटा आहे.

मी त्याला एक कोरा कागद दिला. एका बाजूला थोरल्याचा महिन्याचा खर्च लिही, दुसऱ्या बाजूला धाकट्याचा, आणि खाली तुझा स्वतःचा: मोटारसायकलचा हप्ता, मोबाईल, शनिवारची बैठक, सगळे. थोरल्याचा खर्च त्याच्या आईला विचारून लिही, अंदाजाने नको. तो जरा चिडला. “तिच्याशी बोलणे होत नाही, फादर,” म्हणाला. मग बराच वेळ गप्प बसून त्याने कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

अजून तो परतला नाही. तो कागद भरून आणील आणि खरोखरच भागत नसेल, तर पत्र मी लिहीन. पण त्यात दोन्ही मुलांचे खर्च लिहीन.