आधी ओझं, मग आवळणं

डेट्रॉईटजवळच्या एका उपनगरात एक मराठी तरुण राहत होता. त्याने हौसेने १९७८ सालचा शेवरोले सी-टेन पिकअप घेतला. इंजिन ठणठणीत होतं, पण गाडी मागून बसली होती. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने मागचे पाटे, शॅकल आणि यू-बोल्ट खाऊन टाकले होते.

उन्हाळ्यात कोल्हापूरहून त्याचे काका राहायला आले. त्यांची सारी हयात उद्यमनगरात गाड्यांचे पाटे बदलण्यात गेली होती. पुतण्याने घरच्या गॅरेजमध्ये काम काढलं, तसे काका स्टूल टाकून शेजारी बसले.

पुतण्या कामाचा नेटका. त्याने पुढच्या चाकांना ठोकळे लावले, चेसिस भक्कम स्टँडवर टेकवली आणि मागच्या ॲक्सलखाली वेगळा जॅक दिला. काकांनी मान डोलावली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणारा माणूस त्यांना कधीच खपला नव्हता.

यू-बोल्टचे नट गंजून एकजीव झाले होते. ते ग्राइंडरने कापावे लागले. ॲक्सल जागची हलू नये म्हणून त्याने डावा पाटा बसवूनच उजव्याला हात घातला. पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात नेमकं बसलं. यू-बोल्टही नवेच घातले, कारण एकदा ताणला गेलेला बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही.

एवढ्यात पुण्याहून बहिणीचा फोन आला. फोन ठेवला तेव्हा पुतण्या चिडलेला होता.

वडील गेल्यावर बहीण-भावाने वाटणी करून टाकली होती. आईला ताईने सांभाळायचं, पैसे याने पाठवायचे. तेव्हा आई हिंडती-फिरती होती. आता ती पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. रात्रीचं उठणं, औषधं, दवाखान्याच्या फेऱ्या, सगळं एकट्या ताईवर आलं. ताई म्हणत होती, थोडे दिवस ये.

"ठरलेलं तीच मोडतेय, काका," तो म्हणाला. "पैसे पाठवायला मी एकदाही चुकलेलो नाही."

काका काही बोलले नाहीत. पुतण्याने टॉर्क पाना उचलला आणि पाट्याच्या डोळ्यातला बोल्ट आवळायला लागला. मागची चाकं अजून अधांतरी होती.

"थांब लेका. हा बोल्ट आत्ता आवळू नकोस."

"अहो, सांगितलेल्या मापानेच आवळतोय."

"माप बरोबर आहे, वेळ चुकतेय. आत रबराचा बुश आहे. बोल्ट आवळला की बुशाची आतली नळी ब्रॅकेटला घट्ट धरली जाते, ती फिरत नाही. मग पाटा वरखाली होईल तसं रबर पिळतं. आत्ता पाटा लोंबकळतोय. असाच आवळलास आणि मग गाडी खाली घेतलीस, तर वजनाने पाटा सपाट होणार आणि रबराला कायमचा पीळ बसणार. गाडी नुसती उभी असली तरी ते पिळलेलंच राहील आणि लवकर फाटेल. आत्ता नट हातानेच लाव. गाडी चाकांवर उभी राहू दे, ओझं येऊ दे, मग आवळ."

पुतण्याने तसंच केलं. गाडी खाली आली, पाटे दबले, शॅकल मागे कलले आणि आपल्या जागी स्थिर झाले. मग त्याने बोल्ट आवळले.

काका म्हणाले, "तुमची वाटणीपण गाडी अधांतरी असताना आवळलेली होती. ओझं आलं ते आत्ता. पीळ ताईला बसतोय आणि तू माप दाखवतोयस."

पुतण्या बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने बहिणीला फोन लावला. "ताई, आपलं ठरलेलं बाजूला ठेव. आईला दिवसभरात काय काय लागतं, ते आधी सांग." ती सांगत गेली, हा मध्ये न बोलता ऐकत गेला. रात्रीसाठी बाई ठेवायची, यानं रजा काढून पुण्याला यायचं, असं त्या दिवशी ठरलं.

"थोडं चालवून झालं की यू-बोल्ट पुन्हा तपासायचे," काका म्हणाले. "नवे पाटे बसतात, पकड सैल होते. तुमच्या ठरावाचंही तसंच करा."

तात्पर्य: जबाबदारीची वाटणी जरूर करावी, पण ती पक्की करावी ओझं अंगावर आल्यानंतर, आणि ओझं बदललं की पुन्हा सैल करून पाहावी. ठरलेलं पाळणं हा गुण खराच. पण आपण शब्द पाळत असताना दुसरा कोणी पिळला जात असेल, तर आधी त्याचा पीळ सोडवावा.