अकराव्या तासापर्यंत उभे असलेले

शास्त्रपाठ : मत्तय २०:१–१६, १ राजे १९:१–१८



द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आपण पुष्कळ वेळा ऐकला आहे, आणि बहुतकरून पहाटे कामास गेलेल्यांच्या कुरकुरीवरच उपदेश झालेला ऐकला आहे. आज आपण अकराव्या तासास बाजारात उभ्या असलेल्या मनुष्यांकडे पाहू. ते आळशी होते असे शास्त्र म्हणत नाही. दिवसभर रिकामे का, असे धन्याने विचारले तेव्हा, आम्हांस कोणी कामास लावले नाही, एवढेच त्यांनी सांगितले. आणि धन्याने ते खरे मानले. त्याने त्यांची झाडाझडती घेतली नाही, शिफारसपत्र मागितले नाही. सूर्य मावळावयास एक तास उरला असताही ते घरी न जाता उभे होते. दिवसभर नांगर धरणाऱ्याचा घाम सर्वांस दिसतो. ह्यांचा शीण मात्र त्या एका धन्यासच दिसला.

आपल्या कोल्हापूर प्रांतात असे उभे असलेले थोडे नाहीत. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९०६ साली जिचा पाया घातला गेला ती शाहू मिल २००३ साली बंद पडली, तेव्हा तिच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस चाले त्या घरांचे जणू घड्याळच थांबले. आज शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील कारखान्यांच्या दारांशी अर्ज घेऊन फिरणारे आहेत. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारे आहेत. परीक्षांमागून परीक्षा देता देता तिशीस पोहोचलेले आहेत.

ऑस्ट्रिया देशात मारियेन्थाल नावाच्या गावी १९३० च्या सुमारास कापडाचा कारखाना बंद पडला. मारी याहोडा व तिचे सहकारी ह्यांनी तेथील लोकांची स्थिती जवळून पाहिली व १९३३ साली ती प्रसिद्ध केली. गावकऱ्यांस वेळ मुबलक झाला होता. परंतु वाचनालयातून पुस्तके नेणे वाढण्याऐवजी फार कमी झाले. पुरुष रस्त्याने सावकाश, थांबत थांबत चालू लागले. स्त्रियांच्या मागे घरकाम होते, म्हणून त्या झपझप चालत. तेव्हा ज्यास आपण ओट्यावर बसलेला ऐतखाऊ म्हणतो त्यास कदाचित दुखणे जडले असेल.

अशा दुखण्यावर देवाने काय उपाय केला ते एलीयाच्या चरित्रात पाहा. तो झुडुपाखाली पडून मरण मागत होता. दूताने त्यास प्रथम उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी पुढे ठेवले, पुन्हा निजू दिले, आणि पुन्हा उठवून जेवू घातले. मग चाळीस दिवसांची वाट. प्रश्न त्यानंतर, आणि नवे काम सर्वांच्या शेवटी! आम्ही उपदेशक हा क्रम उलटा करितो, हे मला कबूल केले पाहिजे.

म्हणून काम शोधणाऱ्या बंधो, मिळकत नाही म्हणून जेवण चोरू नको. रात्री उशाशी मोबाइल घेऊन भरतीच्या जाहिराती पाहत जागू नको. अर्जाचे काम सकाळीच उरकून घे, आणि दुपारनंतर गोठा, परसू किंवा मंडळीतील मुलांचा अभ्यास ह्यांस हात लाव. पैसे घेऊन नोकरी लावितो असे म्हणणारा भेटला तर घरच्यांस व पाळकास सांगितल्यावाचून एक रुपयाही देऊ नको. थकलेल्या मनुष्यासच असे लोक गाठतात.

आणखी एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानातील रिकाम्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात प्रथम हिंदूच धरले गेले. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध घेतले गेले. ख्रिस्ती झालेला बाहेरच राहिला. महाराष्ट्रात त्याची गणना इतर मागासवर्गात होते. ह्यामुळे कित्येक तरुण मनातल्या मनात आजोबांच्या बाप्तिस्म्यास दोष देतात, आणि ते बोलून दाखविण्याची त्यांस लाज वाटते. उपदेशकांनो, असे कोणी बोलला तर त्यास अविश्वासू म्हणू नका. हा अन्याय मनुष्यांनी केलेला आहे. तो देवाचा दंड नव्हे, व त्या वृद्धाची चूकही नव्हे. एलीयाने तर आपले गाऱ्हाणे देवाच्या तोंडावर दोनदा सांगितले, आणि देवाने ते दोन्ही वेळा ऐकून घेतले. मात्र इतर मागासवर्गाचा दाखला अद्याप काढला नसेल तर कागद गोळा करण्यास त्याच्याबरोबर तहसील कचेरीत जा.

मंडळीसही एक विनंती. उपासना सुटताच दारातच, "काय, लागली का नोकरी?" असे विचारू नये. ह्या एका प्रश्नाच्या भयाने रविवारी न येणारे आहेत. नोकरी लागल्यास तो स्वतःच सांगेल.

आणि जो जेवत नाही, झोपत नाही, किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवितो, त्यास एकटे ठेवू नका. सरकारने २०२२ साली टेली-मानस नावाची सेवा सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतही, फुकट बोलता येते. तो स्वतः लावणार नाही. जवळ बसून तुम्ही लावून द्या, आणि जाताना घरची भाकर घेऊन जा.