लळा आणि भूतदया

आमचा कुत्रा भुऱ्या गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास, गावातील एक वयोवृद्ध वारकरी गृहस्थ, ज्यांना आम्ही लहानपणापासून अण्णा म्हणत आलो, आमच्या ओसरीवर येऊन बसले. आईने दिलेला चहा त्यांनी शांतपणे घेतला, पीकपाण्याची विचारपूस केली, आणि उठता उठता माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "बाबा, जडभरताचं हरीण ध्यानात ठेव." त्यांच्या बोलण्यात उपहासाचा लवलेश नव्हता, ते मायेनेच बोलले. परंतु ते वाक्य माझ्या मनात कुसळासारखे रुतले, आणि अद्याप ते पुरते निघालेले नाही.

कुत्रा इमानी असतो, मुक्या जीवाला सारे कळते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. तेरा वर्षांपूर्वी भर पावसात रस्त्याच्या कडेला कुडकुडत बसलेले एक भुरकट पिल्लू धाकट्या बहिणीने ओढणीत गुंडाळून झरी या आमच्या गावातल्या घरी आणले. शेवटच्या वर्षी त्याची नजर गेली होती. तरीही रात्री दोनदा उठून तो घरभर फेरी घालीत असे, आणि शहाबादी फरशीवरचा त्याच्या नखांचा टकटक आवाज दाराशी येऊन थांबला, की घरातली माणसे कूस बदलून निश्चिंत होत. शेताच्या बांधावर, लिंबाखाली आम्ही त्याला पुरले. श्रावणातली काळी माती फावडे सोडीत नव्हती. खड्ड्यात खडेमीठ घातले, आणि कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर बाभळीच्या काट्या दाबल्या. आता मध्यरात्री जाग येते तेव्हा फरशी मुकी असते.

जनावरांविषयी आपल्या अंतःकरणात दोन निरनिराळ्या वृत्ती नांदतात, आणि त्यांची गल्लत आपण फार सहज करतो. एक भूतदया आणि दुसरा लळा. भूतदयेला नावाची गरज नसते. लळा नावावाचून लागतच नाही. उपाशी कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकणारा मनुष्य, तो कुत्रा दुसऱ्या दिवशी दिसला नाही म्हणून झुरत नाही, आणि यात त्याचा काही दोष नाही. परंतु ज्याला एखाद्या जीवाचा लळा लागला, त्याच्या दारात गावची सारी कुत्री आणून उभी केली तरी त्याच्या मनातली ती एक जागा रिकामीच राहते.

सरकारी दप्तराला हा भेद ठाऊक नाही, आणि तो असावा अशी अपेक्षाही करणे योग्य नव्हे. आमच्या मराठवाड्यात वळवाच्या पावसात वीज पडून झाडाखाली बांधलेला बैल दगावतो, तलाठी येऊन पंचनामा करतात, आणि २०२२ सालापासून लागू झालेल्या आपत्ती निवारणाच्या निकषांप्रमाणे दुभत्या गाईम्हशीसाठी ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलासाठी ३२,००० रुपये आणि शेळीमेंढीसाठी ४,००० रुपये मंजूर होतात. ती रक्कम कुणब्याला अत्यंत गरजेची असते. परंतु पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्या खांद्याला हळद नि लोणी चोळून दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतन दिले, त्या खांद्यासाठी पंचनाम्यात रकाना नाही. जोडीतला एक बैल असा गेल्यावर आमच्या शेजाऱ्याने पंचनाम्यावर निमूटपणे सही केली, मिळालेल्या पैशांत उसनवारी करून भर घातली आणि दुसरा बैल आणला. मात्र जुन्या खुंट्याचे दावे त्याने महिनाभर सोडले नाही, नव्यासाठी शेजारी वेगळा खुंटा ठोकला. नुकसान भरून निघाले होते. लळा खुंट्याला बांधलेला होता.

लळा हा केवळ उपयोगाचा सोयरा आहे, असे मानणाऱ्यांना एका फार जुन्या पिल्लाची हकिकत सांगावीशी वाटते. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एका दफनस्थळी पुरुष आणि स्त्री यांच्या सांगाड्यांसोबत कुत्र्याचे अवशेष मिळाले. ते सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. दातांवरील खुणांवरून संशोधकांनी पुढे असे अनुमान काढले, की ते पिल्लू अवघ्या सात महिन्यांचे होते, डिस्टेंपर या रोगाने आठवडेच्या आठवडे आजारी होते, आणि कोणी उबेला घेऊन, पाणी पाजून त्याची शुश्रूषा केल्यावाचून इतके दिवस तगले नसते. शिकारीला अथवा राखणीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. शेती, गाव आणि लिपी यांच्या कितीतरी आधी कोणीतरी एका निरुपयोगी पिल्लासाठी रात्री जागला होता.

आता अण्णांच्या जडभरताकडे वळतो. राज्याचा त्याग करून गंडकीतीरी तप करणाऱ्या भरताने नदीत पडलेले अनाथ पाडस उचलून वाढविले, त्याच्यातच त्याचे चित्त गुंतले, आणि अंतकाळी त्याच्याच चिंतनामुळे त्याला हरणाचा जन्म आला, ही भागवतातील कथा अनेक कीर्तनांतून ऐकलेली आहे. परंतु ती अण्णांनी मला लागू केली तेव्हा एक गोष्ट त्यांच्या ध्यानातून निसटली. त्या कथेत मेलेल्या हरणासाठी शोक करणारा भरत नाहीच. मृत्युशय्येवर भरत आहे, आणि पोटच्या पोराप्रमाणे शोक करीत उशाशी बसले आहे ते हरीण. भरताचा पुढचा जन्म भागवतकारांनी सांगितला, त्याही पुढचा सांगितला. त्या हरणाचे काय झाले, हे मात्र कोणी विचारीत नाही. ज्या कथेत जनावर माणसासाठी शोक करते, ती कथा माणसाने जनावरासाठी शोक करू नये म्हणून सांगितली जावी, हे मला पटत नाही.

इथे वाद जिंकल्याचे समाधान मला मिळायला हवे होते. परंतु अण्णांच्या बाजूने याहून बळकट असा एक आक्षेप आहे, आणि तो मलाच सुचला आहे. नामदेवांचे नरसी आमच्यापासून दूर नाही. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आमच्या परभणी जिल्ह्यातच होते. भाकरी तोंडात धरून पळालेल्या कुत्र्यामागे, ती कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आमच्या इथल्या लहान मुलांनाही ठाऊक असतात. त्या कुत्र्याला नाव नव्हते. ते कोणतेही कुत्रे होते, आणि कोणतेही असणे हेच त्या कथेचे मर्म आहे. मग भुऱ्यासाठी आठ दिवस न जेवणारा मी, वेशीबाहेरच्या रोडक्या कुत्र्याकडे न पाहता पुढे जात होतो, याला काय म्हणावे? लळ्याला मी भूतदयेहून श्रेष्ठ ठरवायला निघालो होतो. तो लळा दार लावून आत बसला होता. भरताचा दोषही कदाचित हाच असावा: पाडसावर त्याने माया केली हा नव्हे, तर त्या मायेपुढे बाकी सारे त्याला दिसेनासे झाले, हा.

बांधावर भुऱ्याच्या नावाचा एक दगड बसवावा, असे माझ्या मनात होते. आपल्याकडे अशी उदाहरणे आहेत. जुन्नर तालुक्यातील आळे येथे ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे; रायगडावर वाघ्या कुत्र्याचे स्मारक १९३६ साली उभे राहिले, आणि त्याच्या ऐतिहासिक आधाराविषयी आजही वाद चालू आहे. परंतु विचार करता असे दिसते, की ते दगड त्या प्राण्यांहून अधिक त्यांच्या थोर धन्यांसाठी आहेत. भुऱ्याचा धनी थोर नव्हता. मग त्याच्या दगडावर मी कोणाचे नाव कोरणार होतो?

आणि तो स्वतः आमच्याकडे आला होता तो भूतदयेच्याच वाटेने. ओढणीत गुंडाळला तेव्हा त्याला नाव नव्हते. ते कोणतेही पिल्लू होते. नाव दुसऱ्या दिवशी पडले, आणि लळा त्यानंतर केव्हा लागला हे कोणालाच कळले नाही. जी भूतदया मी उंबरठ्याबाहेर ठेवीत होतो, तिनेच तो उंबरठा ओलांडून त्याला आत आणले होते.

आईच्या हाताला तेरा वर्षांची सवय आहे. पिठाचा अंदाज तिला बदलता येत नाही, आणि रोज रात्री टोपल्यात एक भाकरी उरते. पहिले काही दिवस ती तशीच वाळून गेली. काल रात्री तिने ती दुधात कुस्करली आणि फाटकाबाहेर ठेवली. एक लंगडी कुत्री अंधारातून आली, आमच्याकडे पाहत पाहत खाऊ लागली. माझ्या तोंडून नकळत शब्द गेले, "आई, ही त्याची थाळी आहे."

आईने माझ्याकडे पाहिलेही नाही. ती म्हणाली, "थाळी त्याचीच हाय, बाबा. भाकरबी त्याचीच. खाणारं तेवढं दुसरं."

कुत्रीचे खाणे होईपर्यंत मी फाटकाशी उभा राहिलो.