पृथ्वी पूर्वीही तापली होती; मग आपला काय दोष?



हवामानाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते : "पृथ्वी पूर्वीही तापली होती. तेव्हा कुठे होत्या गाड्या नि कारखाने? मग आपला काय दोष?" हा प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही. कारण त्यातला पहिला भाग खरा आहे.

सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीचे सरासरी तापमान पाच-सहा अंशांनी वाढले. आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा खडक तेव्हा कधीचाच थिजला होता. आर्गॉन वायूच्या मोजणीवरून २००१ साली त्याचे वय सुमारे ६.०५ कोटी वर्षे ठरले. पण लाव्हाच्या खडकात त्या तापाची नोंद नाही. ती सापडते पाण्याखाली साचलेल्या गाळात. असा गाळ महासागरांच्या तळाशी आहे. त्याच उष्ण युगाच्या आरंभीचे थर सुरत जिल्ह्यातील वस्तानच्या लिग्नाइट खाणीतही मिळाले आहेत.

गाळावर तारीख लिहिलेली नसते. घरातल्या जुन्या फोटोचे साल आपण कसे ठरवतो? त्यात कोण आहे आणि कोण अजून जन्मलेच नव्हते, हे पाहून. गाळातही वाळूच्या कणाएवढ्या जीवांची कवचे असतात. कोणती जात आली, कोणती नाहीशी झाली, यावरून थराचा काळ कळतो. दुसरी साक्ष रसायनशास्त्राची. कार्बन हलका असतो तसा जडही. त्या तापाच्या वेळी जगभरच्या गाळात हलक्या कार्बनचे प्रमाण एकाएकी वाढलेले दिसते. वस्तानच्या थरांचा काळही कवचे, सूक्ष्म शैवालांचे कोश आणि कार्बन यांवरून ताडला गेला. एकाच साक्षीवर निकाल देऊ नये, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

या तारखांमुळेच त्या तापाचा वेग कळतो, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या वेगातच आहे. त्या वेळी कार्बन हवेत मिसळत गेला तो काही हजार वर्षे. एका अंदाजानुसार वर्षाला फार तर ११० कोटी टन. त्यात ज्वालामुखींचा मोठा वाटा असावा. आज कोळसा, तेल नि वायू जाळून माणूस वर्षाला सुमारे १,००० कोटी टन कार्बन सोडतो. म्हणजे जवळजवळ नऊ-दहा पट. आणि त्या वेळी पृथ्वीला सावरायला दीड लाखाहून अधिक वर्षे लागली.

आणखी एक फरक आहे. तो मोजून दाखवता येत नाही. ज्वालामुखीला सद्‌सद्विवेकबुद्धी नसते. पापाचा विचार करताना आपण जाणीव आणि संमती पाहतो. माणसे पूर्वीही आपोआप मरत होती, म्हणून कुणाचा जीव घेणारा निर्दोष ठरत नाही. तसेच हे. ज्याला कळते, त्याच्यावर जबाबदारी येते.

ही जबाबदारी सर्वांची सारखी नाही, हेही खरे. मिठी नदीकाठच्या झोपडीत एका पंख्यावर दिवस काढणारा आणि दिवसभर एसी चालवणारा यांना एकाच मापाने मोजणे अन्याय होईल. तरी पुराचे पाणी आधी शिरते ते त्या झोपडीतच. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले, ते यासाठीच.

तेव्हा "पूर्वीही तापली होती" असे कुणी म्हणाले, तर वाद घालू नका. "हो, खरे आहे," असे म्हणा. आणि मग शांतपणे विचारा : तेव्हा जाणणारे कुणी नव्हते, आता आपण आहोत. मग आपण काय करायचे?