मोजून ठेवलेली फट



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

या दोन श्लोकांचा साधा अर्थ असा. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, तसा सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं-फिरणं, काम, झोप आणि जाग मापात आहे, त्याचं दुःख योगानं दूर होतं.

यातला निम्मा भाग आपण लगेच मान्य करतो. फार खाऊ नये, फार झोपू नये, ठीक. अडतं ते उरलेल्या निम्म्यावर. उपाशी राहणं, जागणं, स्वतःला आवळत नेणं हे आपल्याला कायम भक्तीच्याच बाजूचं वाटतं. मग नियमात मोकळी जागा ठेवणं म्हणजे ढिलाई नाही का?

या प्रश्नावर विचार करायला मला एका इंजिनानं मदत केली.

माझे मामा ट्रकची इंजिनं बांधतात. टेल्को आणि जर्मनीच्या डायमलर-बेंझचा करार १९५४ साली झाला, आणि त्या घराण्यातली सहा सिलेंडरची डिझेल इंजिनं आपल्या रस्त्यांवर पुढे कितीतरी वर्षं धावली. तसलंच एक जुनं टाटाचं इंजिन गेल्या महिन्यात त्यांच्याकडे उघडलं होतं. नवे लाईनर, पिस्टन, रिंगा बसल्या, व्हॉल्व्ह घासून झाले, हेड चढलं. शेवटी राहिलं टॅपेट सेटिंग.

ज्यांनी हे काम पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅमशाफ्टवरचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्हच्या दांडीवर दाब देऊन तो उघडतो. व्हॉल्व्ह बंद असताना रॉकर आणि दांडी यांच्यामध्ये एक फट मुद्दाम ठेवावी लागते. इंजिन थंड असताना मामा इनलेटला ०.२० मिलिमीटर ठेवतात, एक्झॉस्टला ०.३०. म्हणजे केसाच्या तीन-चार पट जाडीची जागा! फिलरची पत्ती त्या फटीत घालायची, स्क्रू फिरवायचा, पत्ती ओढताना किंचित अडकल्यासारखी वाटली की लॉकनट आवळायचा. पहिल्या सिलेंडरचं माप घेताना सहाव्याचे व्हॉल्व्ह हलत असले पाहिजेत, पाचव्याचं घेताना दुसऱ्याचे, तिसऱ्याचं घेताना चौथ्याचे.

मी विचारलं, "मामा, फट कशाला? बरोबर टेकवूनच ठेवलं तर आवाज तरी कमी येईल."

ते म्हणाले, "अरे, लोखंड तापलं की वाढतं. आत्ता जागा ठेवली नाहीस तर तापल्यावर व्हॉल्व्ह जाईल कुठं? आवाज करणारा टॅपेट परवडला, तो निदान सांगतो तरी. घट्ट बसवलेला गप्प राहतो आणि जळतो."

गप्प राहतो आणि जळतो. हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

कारण यामागचं गणित असं आहे. भरल्या गाडीनं घाट चढताना एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड सहाशे-सातशे अंशांच्या घरात तापतं. ही उष्णता मुख्यतः एकाच वाटेनं बाहेर पडते: व्हॉल्व्ह बंद होऊन आपल्या सीटवर टेकतो तेव्हा. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला वीस वेळा उघडतो आणि वीस वेळा टेकतो. त्या टेकण्यात तो निवतो. फट नसेल तर तापून लांबलेली दांडी रॉकरला अडते, व्हॉल्व्ह पुरता टेकत नाही, बारीक उघडा राहतो. जळता वायू त्या चिरेतून निसटतो आणि व्हॉल्व्हची कड खाऊन टाकतो. बाहेरून इंजिन मात्र छान शांत वाटतं.

इथे मला माझी मावसबहीण आठवली. पुण्यात नोकरी, आठवड्यातले तीन दिवस रात्रपाळी. तिनं नियम घेतला होता: रोज पहाटे चारला उठणं, अकरा माळा, एकादशीला पाणीसुद्धा नाही. दोन वर्षं एकही दिवस चुकला नाही. सगळं घर कौतुक करायचं, ती कधी थकले असं म्हणाली नाही. मग एक दिवस सगळंच थांबलं. माळ कपाटात गेली. आता देवघरासमोर उभं राहायलाही तिला नको वाटतं, कारण तिथे गेलं की आपण हरलो एवढंच आठवतं. तिची श्रद्धा कमी होती, असं मला वाटत नाही. तिच्या नियमात टेकायला जागाच नव्हती.

मग उलट टोक बरोबर का? तेही नाही. फट जास्त झाली की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो, पुरता उघडतच नाही. इंजिनाला हवा कमी पडते, ताकद जाते, रॉकर दांडीवर हातोडीसारखा आपटत राहतो. "जमेल तेव्हा करू" म्हणणाऱ्या साधनेचं हेच होतं: खडखडाट भरपूर, गाडी जागच्या जागी.

म्हणून ढिलाई आणि जागा यांत फरक आहे, आणि तो दोन गोष्टींत दिसतो.

पहिली गोष्ट, जागा मोजलेली असते आणि ती थंड असताना ठरते. तापलेल्या इंजिनावर थंडचं माप लावून चालत नाही. आपणही पहाटे गजर वाजल्यावर ठरवायला बसलो तर झोपच जिंकणार. पण रविवारी शांतपणे बसून "रात्रपाळीनंतरच्या दिवशी अकराऐवजी दोनच माळा, पण त्या नक्की" असं ठरवलं, तर ती पळवाट होत नाही. तोही नियमच असतो.

दुसरी गोष्ट, सगळ्यांना एकच माप नसतं. इंजिन एक, रॉकर तसेच, तरी एक्झॉस्टला जास्त जागा, कारण तो जास्त तापतो. ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेले वडील आहेत, जिच्या मांडीवर सहा महिन्यांचं बाळ आहे, त्यांना आपलंच माप लावून "तुमची निष्ठा कमी पडते" म्हणणं हा अन्याय आहे. समान नियम प्रत्येक वेळी न्याय्य नसतो. आणि सत्संगात, घरात जो कधीच कुरकुर करत नाही, त्याच्याकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवं. शांत दिसणारा प्रत्येक जण शांत असतोच असं नाही.

आणखी एक. सेटिंग एकदा करून संपत नाही. नवं बांधलेलं इंजिन थोडं चालवून हेडचे बोल्ट पुन्हा आवळतात आणि टॅपेट पुन्हा बघतात. पुढेही बघत राहावं लागतं, कारण व्हॉल्व्ह सीटमध्ये घासून बसत जातो तशी फट आपोआप कमी होते, आणि तीही आवाज न करता. घेतलेले नियमही असेच वर्षागणिक घट्ट होत जातात. त्यामुळे नियम पुन्हा तपासणं म्हणजे नियम मोडणं, असं मी मानत नाही.

गीतेतलं ते माप मला आता असं कळतं: भगवंत आपल्याला कमी करायला सांगत नाहीत, टिकेल असं करायला सांगतात.

आजसाठी एवढंच करूया. आपला एक नियम वहीत लिहायचा, आणि त्याच्या खाली, मन शांत असताना, त्यातली जागा मोजून लिहायची. बहिणीला मी हे अजून सांगितलेलं नाही. तिला आत्ता सल्ला नको आहे. या रविवारी तिच्याकडे नुसतं जेवायला जाणार आहे.

राम कृष्ण हरी!