आयदर ऑर सर्व्हायव्हर

वस्तू जुनी झाली की माणूस दोनच गोष्टी करतो. एक तर ती भंगारवाल्याला देतो, नाहीतर तिच्यात तत्त्वज्ञान शोधतो. आमच्या घरी सध्या दुसरा प्रकार चालू आहे, आणि त्याला कारण आहे एक बेस गिटार.

बेस गिटार म्हणजे ऑर्केस्ट्रातलं असं वाद्य, की जे वाजत असताना कोणाचं लक्ष नसतं, पण थांबलं की "काहीतरी गेलं बुवा" असं सगळ्यांना वाटतं. बँकेत हे काम क्लार्क करतो. ही गिटार माझ्या थोरल्या भावाची. तो गेला आणि ती माझ्या चिरंजीवांकडे आली.

चिरंजीवांनी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून तिचं ऑपरेशन मांडलं. आवाज वाढवताना खरखर होते म्हणून बर्डीवरून नवा पॉट आणला. मग पिकअप, म्हणजे लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. मग खुंट्या, मग ब्रिज. आता मान बदलायची म्हणतो! तेही अवघड नाही. लिओ फेंडरने १९५१ साली पहिला प्रिसिजन बेस काढला, तेव्हा त्याची मान चिकटवलीच नाही, चार स्क्रूंनी आवळली. बिघडली तर काढा, दुसरी बसवा.

आई म्हणाली, "काहून रे, मग तुझ्या मोठ्या बाबाचं त्यात राहिलं काय?"

प्रश्न दोन हजार वर्षांचा आहे. थीसिअसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या, तर जहाज तेच का, यावर ग्रीक पंडित भांडत. पुढे सतराव्या शतकात हॉब्ज नावाच्या इंग्रजाने पाचर मारली, की काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कोणी दुसरं जहाज बांधलं, तर खरं कोणतं? आमच्याकडे हॉब्जचं खातं आई सांभाळते. निघालेला प्रत्येक भाग तिच्या बिस्किटाच्या डब्यात जातो. 'मिलिंदप्रश्ना'त भिक्खू नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे आस का, चाकं का? यातलं एकही एकटं रथ नव्हे. सगळी मिळून जमली की त्यांना रथ म्हणायचं, एवढंच.

मी पडलो कॉमर्सचा. आमच्याकडे ठेवीदार शंभराची नोट भरतो, पण काढताना तीच नोट मागत नाही. लेजर गेली, कॉम्प्युटर आले, बँका बँकांत विलीन झाल्या, तरी खातं तेच. कारण देणं फिटलेलं नाही. भावाने या पोराला मांडीवर थोपटत ताल शिकवला, ते देणं अजून येणं आहेच. तेव्हा पॉट बदला, पिकअप बदला, खातं चालू आहे.

पण मानेशी मी अडलो. तिच्या मागच्या बाजूचं पॉलिश एका जागी गेलंय. तिथे वीस वर्षं भावाचा अंगठा फिरला. आणि बँकेत अंगठा म्हणजे सही! नोट बदलून मिळते, राजेहो, सहीचा कागद बदलून मिळत नाही.

म्हणून मी चिरंजीवांना सांगितलं, "झिजलेले पडदे नवे बसव, मान राहू दे." त्याने अंगठा त्या जागी ठेवून पाहिला आणि स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. आईने डब्याचं झाकण लावलं.

जॉइंट खात्यात एकजण गेला तरी दुसरा व्यवहार करू शकतो. मात्र त्यासाठी पहिल्याचं नाव आधी खात्यावर असावं लागतं.