कड्यावरचं शिवसुमन

राजूरहून भंडारदऱ्याकडे निघालं की रंधा धबधबा लागतो. पर्यटकांची नजर पाण्यावर असते, पण शिवसुमन ही दुर्मीळ मांसल वनस्पती याच परिसरातून नोंदवली गेली आहे. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या कड्यांवरच ती आढळते. १८६०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिलं.

तिचे बरेच सगेसोयरे आफ्रिकेच्या वाळवंटी मुलखात, बहुतेक बिनपानांचे. हिला मात्र पावसाळ्यात चांगली रुंद पानं येतात. मग तांबूस-जांभळी, पिवळ्या ठिपक्यांची, पाच पाकळ्यांची फुलं फुलतात, माश्या परागीभवन करतात. उन्हाळ्यात पानं गळतात, आणि जाड खोडातल्या पाण्यावर ती तग धरते. मुसळधार पाऊस आणि महिनोन्‌महिने कोरडा कातळ, दोन्ही सोसणारं हे झाड मला फार मोलाचं वाटतं.

कड्यावर तिला वणवे, चराई आणि दरडींचा धोका आहे; तिथून तिची एक काडीही तोडू नये. रोपवाटिकेत वाढवलेलं रोप मिळालं, तर कुंडीत मुरमाड, पाणी न साचणारी माती घ्या. छाट लावायची असेल, तर कापलेली बाजू आधी सावलीत वाळू द्या. पानं गळाली की पाणी अगदी कमी करा. अशा वेळी मायेनं घातलेल्या जास्तीच्या पाण्यानंच खोड कुजतं.